झेरॉक्स कुठे मिळेल

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला की
नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात,
खांबापासून खांबापर्यंत, कमरेच्या उंचीवर.
बँकेतला साहेब तो दोर धरतो,
मासळीवाली धरते,
एकदा पाद्रीबाबांनी एका हाताने दोर धरला, दुसऱ्याने टोपी.
दोर धरला म्हणून कोणी हसलं नाही.
टोपी उडाली, तेव्हा हसले.

मी नॉर्मा वुकासोविच.
विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात खिडकीवर बसते, एकोणीस वर्षं झाली.
ग्रंथालयाच्या मागे, सायकलींच्या छपराला लागून हिरवं दार.
दाराला काच लावली हीच बांधणाऱ्याची चूक,
आतून मला सगळं दिसतं.
येणारे पाय, थबकणारे पाय,
लसीकरणाचं वेळापत्रक पाठ होईस्तोवर वाचून
परत फिरणारे पाय.

तो मुलगा ओळीने चार दिवस आला.
"बाई, झेरॉक्स कुठे मिळेल?"
ग्रंथालयात, तळमजल्यावर, मी सांगितलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा तळमजला.
तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कागदच नव्हता.
चौथ्या दिवशी म्हटलं, बस जरा. बाहेर वारा आहे.

बाल्तासार कोलिवोरो. चिलोए बेटावरचा.
सागरी जीवशास्त्र, दुसरं वर्ष.
बाप शिंपल्यांसाठी गार पाण्यात बुड्या मारतो,
कानातून रक्त आलं तरी दुसऱ्या दिवशी होडीवर हजर.
त्यांच्या घरात दुखणं अंगावरच काढतात,
थोरल्याचा स्वेटर धाकट्याने घालावा
तसं ते खाली खाली येत जातं,
कोपरांवर विरलेलं, तरी टाकवत नाही.

म्हणाला, "मित्रासाठी विचारतोय.
त्याला अकरा रात्री झोप नाही.
छातीवर कोणी ओलं जाळं टाकून गेल्यासारखं होतं त्याला."
बरं, म्हटलं. मित्राचं नाव काय लिहू?
बराच वेळ नुसती केटली वाजत राहिली.
मग त्याने स्वतःचं आडनाव सांगितलं,
एकेक अक्षर सुटं करून,
जसं काही मला ते ठाऊकच नव्हतं.

आता तू.
हो, तूच, सायकलींपाशी उभा राहून
आधीच बांधलेली नाडी पुन्हा बांधणारा.
तुझ्याहून जास्त आजारी कोणाची तरी जागा अडेल म्हणतोस?
खुर्च्या सात आहेत.
मंगळवारी दुपारी त्यातल्या सहांवर माझी लोकर असते.
पैसे तू प्रवेश घेतानाच भरलेस.
इथलं बोलणं तुझ्या मास्तरांकडे जात नाही,
आईकडेही नाही. आयांना ते आवडत नाही, मला फोन करून सांगतात.
डॉक्टर इबार्रांचे हात गार असतात,
त्या आधीच माफी मागतात.

सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही.
दोन हिवाळ्यांमागे एक मुलगी दारापर्यंत आली होती,
निळा रेनकोट, एका बाहीला चिकटपट्टी.
मी फोनवर होते.
बोट वर करून थांब म्हटलं,
फोन ठेवला तेव्हा काचेवर फक्त तिच्या श्वासाचा ठसा होता,
तोही विरत चाललेला.
पुढच्या सत्रात ती कुठल्याच यादीत नव्हती.
एवढंच ठाऊक आहे.
तेव्हापासून फोन वाजला तर वाजू देते,
आधी दाराकडे बघते.

बाल्तासार आता दर गुरुवारी येतो.
झोप पाच तासांवर आली आहे.
परवा खुर्चीतच डोळा लागला त्याचा,
रांगेतल्या दोघींनी काही न बोलता
त्याचा नंबर मागे सरकवला
आणि दार हळू लोटलं.

आम्ही संध्याकाळी सहापर्यंत असतो.
वारा फार असेल तर सातपर्यंत,
कारण मलाही घरी जाताना दोर धरावा लागतो.

झेरॉक्सचं मशीन आमच्याकडे नाही.
तरी ये विचारायला.